जुने भाव आणायचे कुठून? बॅकटेस्टबद्दल वाचकांचे प्रश्न

खरेदी-विक्रीची एखादी पद्धत जुन्या भावांवर चालवून पाहणे, म्हणजे बॅकटेस्ट. या महिन्याच्या टपालातले बहुतेक प्रश्न पद्धतीबद्दल नाहीत, त्या जुन्या भावांबद्दल आहेत. हे बरे झाले. पद्धती पैशाला पासरी मिळतात. कोणत्या भावांवर त्या तपासल्या हे मात्र कोणी सांगत नाही.

प्रश्न : एनएसईच्या भावकॉपीतून (रोजच्या भावांच्या फाईलीतून) रिलायन्सचे भाव घेऊन २०० दिवसांच्या सरासरीची पद्धत तपासली. २८ ऑक्टोबर २०२४ ला भाव अर्ध्यावर आला, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) लागला आणि ५० टक्के तोटा दिसला. याहू फायनान्स साइटच्या डेटात तो तोटा नाही. खरे कोणते समजायचे? (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : दोन्ही खरे आहेत. त्या दिवशी रिलायन्सचा एकास एक बोनस लागू झाला. भाव २,६५० च्या आसपासवरून १,३३० च्या आसपास आला, पण ज्याच्याकडे १० शेअर होते त्याचे २० झाले. भावकॉपीत त्या दिवशी बाजारात प्रत्यक्ष बोलला गेलेला भाव असतो. याहू मागचे सगळे भाव निम्मे करून देते. तुमच्या पद्धतीला २०० दिवसांची सरासरी काढायची असेल तर निम्मे केलेलेच, म्हणजे ॲडजस्टेड भाव लागतात.

हे काम स्वतः करता येते, आणि एकदा तरी हाताने करून पाहावे. बोनस एकास एक असेल तर गुणक ०.५. दोन शेअरवर एक बोनस असेल तर जुने शेअर भागिले एकूण शेअर, म्हणजे २ भागिले ३, ०.६६६७. स्प्लिटमध्ये नवी दर्शनी किंमत भागिले जुनी. लागू तारखेच्या आधीचे सगळे भाव गुणकाने गुणायचे आणि व्हॉल्यूम, म्हणजे सौदे झालेल्या शेअरची संख्या, त्याच गुणकाने भागायचा. व्हॉल्यूम भागायचे बहुतेक जण विसरतात. मग बोनसनंतर ‘व्हॉल्यूम दुप्पट झाला’ असा खोटा इशारा मिळतो.

एचडीएफसी बँकेचे पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये २ रुपयांचा शेअर १ रुपयाचा झाला, गुणक ०.५. ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस, पुन्हा ०.५. म्हणून जुलै २०११ च्या स्प्लिटनंतरच्या आणि सप्टेंबर २०१९ च्या आधीच्या प्रत्येक भावाला ०.२५ ने गुणायचे. जुलै २०१९ मध्ये हा शेअर २,४०० च्या घरात होता. आजच्या ॲडजस्टेड तक्त्यात तो ६०० च्या आसपास दिसला पाहिजे. १,२०० दिसत असेल तर तुमच्या डेटावाल्याने एक घटना गाळली आहे. कोणताही नवा स्रोत घेतला की आधी हीच एक ओळ पाहा, दोन मिनिटांत त्याची लायकी कळते.

आता अवघड भाग, डिमर्जर. २० जुलै २०२३ ला रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली. आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५, विशेष सत्रात ठरलेला भाव २,५८०. फरक २६१.८५ रुपये, आणि तेवढी किंमत जिओ फायनान्शियलच्या एका शेअरच्या रूपाने शेअरधारकाच्या खात्यात आली. गुणक २,५८० भागिले २,८४१.८५, म्हणजे ०.९०७९. बोनस-स्प्लिट नीट लावणारे कित्येक स्रोत डिमर्जर लावत नाहीत, मग तिथे नऊ टक्क्यांची पडझड दिसते जी कोणाच्याच खिशातून गेली नाही.

लाभांशाचे वेगळे. ४०० रुपयांच्या शेअरने १० रुपये लाभांश दिला तर गुणक १ वजा १० भागिले ४००, म्हणजे ०.९७५. याहूच्या ‘ॲडजस्टेड क्लोज’मध्ये लाभांशही धरलेला असतो, ‘क्लोज’मध्ये फक्त स्प्लिट-बोनस. पायथनच्या वायफायनान्स लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत आपोआप ॲडजस्ट करणे हेच मूळ सेटिंग आहे. त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालवला की निकाल बदलतो आणि माणूस आपलीच चूक शोधत बसतो. शिवाय दर लाभांशानंतर मागचे सगळे आकडे थोडे हलतात. म्हणून फाईलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला.

एक सापळा मात्र ॲडजस्टेड भावांतही आहे. ‘५० रुपयांखालचेच शेअर घ्यायचे’ अशी अट असेल तर ती मूळ भावावर लावा. पुढे तीनदा एकास एक बोनस देणारा शेअर आजच्या तक्त्यात २०१० साली ४० रुपयांना दिसतो, तेव्हा तो ३२० ला होता. पुढे बोनस मिळणार हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? म्हणून दोन्ही भाव जवळ ठेवा. सरासरी आणि परतावा ॲडजस्टेडवर, किमतीची अट आणि शेअरची संख्या मूळ भावावर.

प्रश्न : जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि मोबाईलचे नेट, तेही रात्रीच बरे चालते. पैसे न भरता दहा वर्षांचे रोजचे भाव जमवता येतील का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : येतील. रोजच्या भावांसाठी एनएसईची भावकॉपी हाच पाया धरा. वर्षाला साधारण २४८ दिवस बाजार चालतो, म्हणजे दहा वर्षांच्या २,४८० झिप फाईली. सगळ्या मिळून अर्ध्या जीबीच्या आत बसतात. तुमच्या नेटवर तीन-चार रात्रींचे काम.

वर्षागणिक फोल्डर करा आणि मूळ झिपला हात लावू नका. सोडवलेली फाईल वेगळ्या जागी. स्क्रिप्टने उतरवत असाल तर दोन मागण्यांत दोन-तीन सेकंद थांबा. सलग मारा केला की साइट नकार देते, आणि मग झिपच्या नावाखाली एक-दोन केबीचे वेबपान साठते. सकाळी फाईली आकाराने लावून पाहा, असल्या बोगस फाईली सगळ्यात वर दिसतील.

८ जुलै २०२४ पासून भावकॉपीचा साचा बदलला. जुन्या फाईलच्या नावात महिना इंग्रजी तीन अक्षरांत होता, नव्यात सलग आठ आकडी तारीख आहे, आणि स्तंभांची नावेही सगळी वेगळी. एकच स्क्रिप्ट दोन्हींवर चालवली तर एका बाजूचे भाव रिकामे येतात. स्तंभ क्रमांकाने न वाचता नावाने वाचा आणि दोन साच्यांसाठी दोन तक्ते करा. डिलिव्हरीचे आकडे हवे असतील तर त्यांची फाईल निराळी आहे.

मग सिरीज. नेहमीचे शेअर ‘ईक्यू’ सिरीजमध्ये असतात. ट्रेड-टू-ट्रेडमध्ये, म्हणजे प्रत्येक सौद्याला ताबा सक्तीचा असलेल्या गटात, टाकलेला शेअर ‘बीई’मध्ये जातो. फक्त ईक्यू निवडून घेतले तर तो शेअर मधले काही महिने गायब होतो आणि २० दिवसांची सरासरी मार्चचे दहा दिवस आणि ऑगस्टचे दहा दिवस जोडून बसते. दोन्ही घ्या, पण सिरीजचा स्तंभ ठेवा. बीईमध्ये इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी-विक्री) करता येत नाही, हे चाचणीलाही कळले पाहिजे.

नावे बदलतात हे तिसरे. इन्फोसिसचे आणि हिरो होंडाचे चिन्ह (बाजारातले छोटे नाव, सिम्बॉल) २०११ मध्ये बदलले, झोमॅटोचे २०२५ मध्ये इटर्नल झाले. आयएसआयएन या शेअरच्या ओळख क्रमांकाने जोडू म्हणाल, तर स्प्लिट झाला की तोही बदलतो. एनएसईच्या साइटवर बदललेल्या चिन्हांची यादी मिळते. तिच्यावरून स्वतःचा एक तक्ता करा : कंपनीला आपला एक क्रमांक, त्यापुढे चिन्ह, आयएसआयएन, कधीपासून, कधीपर्यंत.

हे सगळे एक्सेलमध्ये करू नका. एक्सेलच्या पानात १०,४८,५७६ ओळी मावतात. दोन हजार शेअर गुणिले २४८ दिवस म्हणजे वर्षाला पाच लाखांच्या आसपास ओळी. दोन वर्षांत पान भरले. वर ०१-०२-२०२४ ही तारीख ते कधी १ फेब्रुवारी वाचते, कधी २ जानेवारी. एसक्यूलाइट हा डेटाबेस फुकट आहे आणि ४ जीबी रॅमवर निवांत चालते.

शेवटी चाळणी. एफ अँड ओ (वायदे आणि ऑप्शन) मध्ये नसलेल्या शेअरला सर्किट, म्हणजे दिवसाच्या चढउताराची मर्यादा असते, जास्तीत जास्त २० टक्के. म्हणून असा शेअर एका दिवसात २० टक्क्यांहून जास्त हललेला दिसला की बहुधा तिथे बोनस, स्प्लिट, डिमर्जर किंवा बराच काळ बंद राहून पुन्हा सुरू झालेला व्यवहार आहे. अशा ओळींची यादी काढा आणि प्रत्येकीचे कारण कंपनीच्या घोषणेत शोधा. कंटाळवाणे काम आहे. आमच्या मते सगळ्या बॅकटेस्टमध्ये सर्वांत उपयोगाचेही हेच आहे.

प्रश्न : निफ्टीच्या ५० शेअरवर २००५ पासून चाचणी घेतली. दर महिन्याला सगळ्यात जास्त वाढलेले पाच घ्यायचे, एवढीच पद्धत. परतावा इतका आला की विश्वास बसत नाही. (मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : विश्वास बसत नाही हे चांगले लक्षण आहे. तुम्ही यादी कोणती घेतली? आजची घेतली असणार. आजचे ५० हे वीस वर्षांच्या शर्यतीत टिकलेले आणि जिंकलेले. ट्रेंट सप्टेंबर २०२४ च्या शेवटी निफ्टीत आला, तो आधी कित्येक पटींनी वाढला म्हणूनच. तुमच्या चाचणीने तो २००५ पासून हाताशी धरला. निकाल लागलेल्या घोड्यांवर पैसे लावल्यासारखे झाले.

आणि गेलेले कुठे आहेत? सत्यम, युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स, येस बँक हे सगळे कधी ना कधी निफ्टी ५० मध्ये होते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम एका दिवसात सुमारे १७९ वरून ४० च्या आसपास आला. येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टीबाहेर गेली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे उलटे आहे, ती म्हैस गोठ्यात होती याचीच नोंद नाही.

उपाय दोन. पहिला, निफ्टीची यादी मागे मागे सोडवत नेणे. नेहमीचे बदल वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी लागू होतात, आणि कोण आत, कोण बाहेर हे निर्देशांक कंपनीच्या पत्रकात छापलेले असते. आजच्या यादीपासून निघून प्रत्येक पत्रकातला आत आलेला काढायचा, बाहेर गेलेला घालायचा. मध्येच झालेले बदलही, सत्यमसारखे, धरावे लागतात. वीस वर्षांचे काम दोन-तीन दिवसांत होते.

दुसरा उपाय आम्हाला जास्त आवडतो, कारण त्याला यादीच लागत नाही. प्रत्येक महिन्याच्या शेवटी, त्या दिवसापर्यंतच्या सहा महिन्यांच्या भावकॉपीतून सर्वाधिक उलाढालीचे १०० शेअर काढा आणि पद्धत त्यांच्यावरच चालवा. त्या दिवशी जे माहीत होते तेवढेच वापरले जाते, आणि पुढे बुडालेले शेअर आपोआप यादीत येतात, कारण भावकॉपीत ते तेव्हा होतेच. याहूवर किंवा ब्रोकरच्या एपीआयवर (प्रोग्रामने डेटा मागायची सोय) बंद पडलेल्या कंपन्या बहुतेक सापडत नाहीत. म्हणून भावकॉपीच्या जुन्या झिपचे मोल.

यातली खरी मेख पुढे आहे. शेअरचे भाव एका दिवशी संपतात, तेव्हा चाचणीत काय धरायचे? सत्यमची पुढे महिंद्र सत्यम झाली आणि २०१३ मध्ये ती टेक महिंद्रमध्ये विलीन झाली. १७ शेअरना टेक महिंद्रचे २ मिळाले. एचडीएफसी लिमिटेडच्या २५ शेअरना जुलै २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेचे ४२. ही विलीनीकरणे आहेत, पैसे बुडाले नाहीत, गुणोत्तराने नव्या शेअरमध्ये गेले. पण डीएचएफएलचा शेअर २०२१ मध्ये बाजारातून काढला तेव्हा शेअरधारकाच्या हाती शून्य आले. प्रोग्राम शेवटचा भाव धरून ‘विकला’ असे लिहीत असेल तर ती लबाडी आहे. भाव संपलेल्या प्रत्येक शेअरपुढे हाताने कारण लिहा : विलीन, शून्य, की स्वेच्छेने बाजारातून बाहेर. शंभर-दीडशे नावे भरतील, त्याहून जास्त नाही.

आणि तुलना करायची तर निफ्टीच्या टोटल रिटर्न निर्देशांकाशी करा, साध्या निफ्टीशी नको. साध्या आकड्यात लाभांश नसतो. म्युच्युअल फंडांनाही फेब्रुवारी २०१८ पासून हाच मापदंड सक्तीचा आहे.

प्रश्न : इंट्राडेसाठी एक मिनिटाचा डेटा हवा. याहूवर फार थोड्या दिवसांचा मिळाला. ब्रोकरचा चालेल का? (वरूड, जि. अमरावती)

उत्तर : चालेल. याहू एक मिनिटाचा डेटा अलीकडच्या काही दिवसांचाच देते, पाच आणि पंधरा मिनिटांचा ६० दिवसांचा, तासाचा ७३० दिवसांचा. इंट्राडेला ते पुरत नाही. ब्रोकरांच्या एपीआयवर काही वर्षे मागचे मिळते. काहींचे एपीआय फुकट आहेत, काही महिन्याला पैसे घेतात. खाते आहे तिथलाच आधी वापरून पाहा.

एका मागणीत किती दिवस, याला मर्यादा असते. झिरोधाच्या काइटवर एक मिनिटासाठी ६० दिवस, एंजल वनवर ३०. पाच वर्षांसाठी ६० दिवसांच्या ३१ मागण्या एका शेअरला; ५० शेअरना १,५५०. दिवसाला ३७५ ओळी, वर्षाला एका शेअरच्या ९३,०००, ५० शेअर पाच वर्षे म्हणजे २ कोटी ३२ लाख ओळी. मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात नको, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळ्या फाईलमध्ये उतरवा आणि उतरलेली फाईल स्क्रिप्टला ओलांडायला सांगा.

एका मिनिटाचे उघड, माथा, तळ आणि बंद हे भाव मिळून एक मेणबत्ती. ९:१५ असे लिहिलेली मेणबत्ती म्हणजे ९:१५ ते ९:१६ हा मिनिट, की ९:१४ ते ९:१५? बहुतेक ठिकाणी सुरुवातीची वेळ लिहितात, काही ठिकाणी शेवटची. दिवसाची शेवटची ओळ ३:२९ असेल तर सुरुवातीची, ३:३० असेल तर शेवटची. इथे एका मिनिटाची चूक झाली की पद्धत उद्याचा पेपर आज वाचू लागते.

दुसरे, ३:२९ च्या मेणबत्तीचा बंद भाव आणि भावकॉपीतला बंद भाव जुळत नाहीत म्हणून डेटा सडका ठरवू नका. या सगळ्या वर्षांत एनएसईचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी. तो भाव कोणालाही हुकमी मिळत नाही. त्यामुळे ‘बंद भावाला खरेदी’ अशी अट लिहू नका; बंद भावावर निर्णय, खरेदी दुसऱ्या दिवशी उघडताना.

‘पहिल्या पंधरा मिनिटांची पट्टी’ वापरणाऱ्यांनी वेळा बदलल्या हे लक्षात ठेवावे. ४ जानेवारी २०१० च्या आधी बाजार ९:५५ ला उघडत असे, मग ९ ला, आणि १८ ऑक्टोबर २०१० ला प्री-ओपन सत्र आल्यापासून ९:१५ ला. त्याआधीचे इंट्राडे आकडे मिळाले तरी एका पोत्यात भरू नका.

एकाच मिनिटात लक्ष्य आणि स्टॉपलॉस दोन्ही लागले तर? ५०० ला खरेदी, लक्ष्य ५०५, स्टॉप ४९७, आणि मेणबत्तीचा तळ ४९६.५०, माथा ५०५.५०. आधी काय झाले ते डेटा सांगत नाही. स्टॉप आधी लागला असेच धरायचे. कित्येक ‘सोन्याच्या’ पद्धती या एका अटीने पितळेच्या निघतात.

खर्च धरा : अनेक डिस्काउंट ब्रोकरांकडे एक लाखाच्या इंट्राडे खरेदी-विक्रीला दलाली, विक्रीवरचा एसटीटी (व्यवहार कर), स्टॅम्प, बाजाराचे शुल्क आणि जीएसटी मिळून ८० रुपयांच्या आसपास जातात. दिवसाला चार सौदे केले तर महिन्याचे काय होते ते तुम्हीच मांडा.

प्रश्न : टेलिग्रामवर एक जण २० वर्षांचा एक मिनिटाचा डेटा पेनड्राइव्हवर देतो म्हणतो. घ्यावा का? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : बाजाराचा डेटा परवान्याशिवाय विकता येत नाही, हे पहिले. ट्रू डेटा, ग्लोबल डेटाफीड्स असे अधिकृत विक्रेते आहेत, पैसेच द्यायचे तर तिथे द्या. तरी कोणाचाही नमुना आला की तीन दिवस मागून पाहा.

२४ फेब्रुवारी २०२१ : बिघाडामुळे एनएसई ११:४० ला बंद पडले, ३:४५ ला सुरू झाले आणि ५ पर्यंत चालले. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या मेणबत्त्या सापडल्या तर त्या कोणीतरी घरी बनवल्या आहेत. ५ ऑक्टोबर २०१२ : चुकीच्या ऑर्डरींमुळे निफ्टी आदल्या दिवशीच्या ५,७८७.६० वरून क्षणात ४,८८८.२० पर्यंत गेला. तो तळ पुसलेला असेल तर डेटा ‘साफ’ केलेला आहे, आणि तुमचा स्टॉपलॉस त्या दिवशी खराच लागला असता. तिसरा, कुठल्याही दिवाळीचा मुहूर्त : तासाभराचे सत्र, त्यात ३७५ ओळी कशा असतील?

प्रश्न : निफ्टीचे पी-ई (भाव भागिले नफा) २० च्या खाली आले की खरेदी, अशी चाचणी घेतोय. २०२१ मध्ये पी-ई एकदम कसे पडले? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : बाजार पडला नव्हता, मोजणी बदलली. मार्च २०२१ च्या अखेरीपर्यंत कंपनीचा एकटीचा नफा धरत, त्यानंतर उपकंपन्यांसह एकत्रित. ४० च्या घरातले पी-ई एका दिवसात ३३ च्या घरात आले. दोन्ही बाजूंना एकच २० ची रेघ मारता येणार नाही. तशीच तिमाही निकालांची गोष्ट : डेटात ३१ मार्च लिहिलेले असते, पण वार्षिक निकाल जाहीर करायला ६० दिवसांची मुदत आहे, इतर तिमाहींना ४५. चाचणीत निकाल जाहीर झाल्याच्या तारखेलाच दिसला पाहिजे. ती तारीख मिळत नसेल तर सरळ दोन महिने उशीर धरा.

प्रश्न : बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनचा जुना डेटा ब्रोकरच्या एपीआयवर सापडत नाही. (अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : मुदत संपलेले करार बहुतेक ब्रोकर काढून टाकतात. एनएसईच्या एफ अँड ओ भावकॉपीत ते सगळे आहेत, पण दिवसाचेच भाव. ज्या ओळीत त्या दिवशीचे सौदे शून्य, तिथला बंद भाव वापरू नका. तो कोणी दिला-घेतलेला नाही. ही साप्ताहिके मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, म्हणजे तुमची पद्धत उत्तम निघाली तरी ती लावायला आज जागा नाही. निफ्टीची साप्ताहिके फेब्रुवारी २०१९ पासून. निफ्टीचा लॉट (एका करारातली संख्या) एप्रिल २०२४ मध्ये ५० चा २५ झाला, त्याच नोव्हेंबरपासून नव्या करारांना ७५, जानेवारी २०२६ च्या करारांपासून ६५. मुदतीचा वार सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवार. सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या, हेही चाचणीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रश्न : शेअर नाही, सोयाबीन. काढणीला न विकता उन्हाळ्यापर्यंत ठेवावे का, हे जुन्या भावांवर तपासायचे आहे. वायद्याचे भाव घ्यावे की बाजार समितीचे? कापसाचेही तसेच करता येईल का? (कास्तकार, कारंजा लाड, जि. वाशिम)

उत्तर : वायदा सोडा. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारातले सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले गेले, आणि तो भावही इंदूरच्या मालाचा होता. तुम्हाला कारंज्याचा हवा. ॲगमार्कनेटच्या साइटवर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन भाव क्विंटलमागे मिळतात.

तिन्हींपैकी सर्वसाधारण भाव घ्या, पण तो आवकेने भारलेला सरासरी भाव नाही, जास्तीत जास्त माल ज्या भावाला गेला तो. कमाल भाव बियाण्याजोग्या दोन-चार पोत्यांचा असू शकतो, किमान डागी नाही तर ओल्या मालाचा. हर्रास बंद असलेले दिवस रिकामे ठेवा, आदल्या दिवसाचा भाव ओढू नका. एखाद्या दिवशी ४,३०० च्या रांगेत ४३० दिसले तर शून्य लिहायचे राहिले आहे. शेजारच्या वाशिम बाजाराच्या त्याच दिवसाच्या भावाशी ताडून पाहा.

कापसात एककाची गल्लत होते. बाजार समितीत कापूस क्विंटलने, सरकीसकट. एमसीएक्स या वायदेबाजारात मात्र रुई : आधी १७० किलोच्या गाठीचा भाव, २०२३ पासून सुमारे ३५६ किलोच्या खंडीचा. गाठीला ३०,००० म्हणजे खंडीला सुमारे ६२,७५०. दोन्ही मालिका तशाच जोडल्या तर कापूस एका रात्रीत दुप्पट झालेला दिसतो.

आता ठेवण्याचा हिशेब. समजा दिवाळीत १४ टक्के ओलाव्याचे सोयाबीन ४,२०० ने गेले असते, आणि एप्रिलमध्ये तेच १० टक्क्यांवर सुकून ४,४०० ने गेले. भावात २०० ची वाढ. पण १०० किलोत कोरडा माल ८६ किलो होता. १० टक्के ओलाव्याला त्याचे वजन ८६ भागिले ०.९०, म्हणजे ९५.५६ किलो. ४,४०० च्या भावाने हातात ४,२०४ रुपये. पाच महिन्यांचे चार रुपये, आणि यातून गोदामभाडे, बारदाना, हमाली आणि कर्जावरचे व्याज अजून वजा व्हायचे आहे. तुमच्या चाचणीत प्रत्येक वर्षासाठी दोन्ही वेळचा ओलावा लिहायचा स्तंभ ठेवा. तो ॲगमार्कनेटवर मिळणार नाही; तुमच्या स्वतःच्या पावत्यांवर, किंवा अडत्याच्या वहीत, असेल.